लिनक्सचं बारसं : नवशिक्यांसाठी चित्रांविना मार्गदर्शक

हे मार्गदर्शक ज्यांनी लिनक्स कधीच टाकलेलं नाही अशांसाठी आहे. ज्यांनी टाकलंय त्यांनी वाचू नये. ते दर दोन ओळींनी "तसं नाहीये ते" म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं.

सुरुवातीलाच एक खुलासा. यातल्या सगळ्या कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अशाच टाइप केल्यात तर काहीही होणार नाही. नवशिक्याच्या हाती देण्याजोगं यापेक्षा सुरक्षित मार्गदर्शक माझ्या तरी पाहण्यात नाही.

साहित्य

जुना लॅपटॉप एक. घरातल्या कुणाचा त्यावर जीव नसावा. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह एक. त्यातले लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे हलवावेत (ही सूचना लोक फोटो गेल्यावर वाचतात). इंटरनेट. चहा. आणि संगणकातलं कळणारा एक भाचा. भाचा मिळाला नाही तर आपणच कुणाचे तरी मामा आहोत हे ध्यानात ठेवावं. माझ्यावर तीच वेळ आली.

पायरी १.१ : आधी नाव विचारा

पायरी १.० कुठे गेली? सांगतो.

डेबियन हा लिनक्सच्या घराण्यातला थोरला वाडा. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने तो बांधायला घेतला आणि तेव्हाची मैत्रीण डेब्रा हिचं नाव आणि आपलं नाव जोडून दारावर पाटी लावली. बंगल्याच्या फाटकावर नवरा-बायकोच्या नावांचा संधी करून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. तर १९९५ च्या अखेरीस या मंडळींचं १.० अजून शिजत होतं, तेवढ्यात एका सीडी विक्रेत्याने अर्धंकच्चं सामान उचललं आणि सीडीवर '१.०' छापून बाजारात आणलं. बारशाआधीच पेढे वाटले गेले. आता खरं बाळ आल्यावर त्याला त्याच आकड्याने हाक कशी मारणार? शेवटी १.० हा आकडाच सोडून दिला आणि १७ जून १९९६ ला पहिली खरी आवृत्ती १.१ म्हणून आली. या मार्गदर्शकानेही तोच पायंडा पाळला आहे.

तयार होईपर्यंत आकडा बोलायचा नाही, टोपणनावाने हाक मारायची, ही रीत त्या सुमाराला रुळली. नावं कुठून आणायची? त्या वेळी प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती आणि ते नोकरीला होते पिक्सारमध्ये. 'टॉय स्टोरी' हा सिनेमा नुकताच, १९९५ च्या नोव्हेंबरात, लागला होता. झालं. १.१ चं नाव बझ, मग रेक्स, बो, हॅम, स्लिंक. २००० साली आलेल्या २.२ चं नाव पोटॅटो. म्हणजे एके काळी जगातले कित्येक गंभीर सर्व्हर बटाट्यावर चालत होते आणि त्यांच्या मालकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आपल्याकडे पोराची नावं दोन असतात. शाळेतलं एक, घरातलं एक. दाखल्यावर 'अनिरुद्ध', घरी 'बंड्या'. डेबियनचं तसंच आहे. १२ हे शाळेतलं नाव, बुकवर्म हे घरातलं. बातमीत, जाहिरातीत, भाच्याच्या तोंडी आकडा असतो. पण टपाल घरच्या नावावर येतं, हे विसरलात तर पुढचं काही वाचून उपयोग नाही.

पायरी २ : कानात कुर्र

पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा. इन्स्टॉलर भाषा विचारेल, देश विचारेल, कीबोर्ड विचारेल. मग डिस्कचे भाग कसे पाडायचे ते विचारेल. तिथे नवशिका घाबरतो आणि घाबरलेलंच बरं. पण खरी महत्त्वाची गोष्ट याच्या आधीच ठरलेली असते, आणि ती कुणी विचारत नाही. बारशात आत्या बाळाच्या कानाशी लागून कुर्र करते आणि नाव सांगते, तसा इन्स्टॉलर तुमच्या मशीनच्या कानात एक नाव सांगून जातो. ते दोन ठिकाणी लिहून ठेवलं जातं. एक 'ओएस-रिलीज' नावाच्या फाइलीत; ती म्हणजे जन्मदाखला. दुसरं 'सोर्सेस'च्या यादीत. ती म्हणजे किराणा कुठल्या दुकानातून आणायचा त्याचा पत्ता.

हा पत्ता नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी रडारड याच्यापायी होते. डेबियनच्या सर्व्हरवर एक मोठं कपाट आहे. त्यात प्रत्येक नावाचा एक कप्पा. बुकवर्मच्या कप्प्यात बुकवर्मसाठी घडवलेली पॅकेजं कोणती, त्यांची आवृत्ती कुठली, एकाला दुसरं कोणतं लागतं, याच्या याद्या असतात, आणि या याद्या अस्सल आहेत याची सही असते. तुमचं मशीन दर वेळी त्या नावाच्या कप्प्यापाशी जाऊन उभं राहतं. मशीनला आवृत्तीचं प्रेम नसतं, प्रगतीची ओढ नसते. कानात सांगितलेलं नाव तेवढं त्याला माहीत.

आता कमांड. 'सुडो ॲप्ट अपडेट' असं टाइप करा. (करू नका, वरचा खुलासा पाहा.) पडद्यावर भराभरा ओळी धावतील, शेवटी सगळं थांबेल. माझ्या भाच्याने पहिल्यांदा हे केलं तेव्हा तो म्हणाला, "झालं, मामा, अपडेट झालं." काहीही झालं नव्हतं. 'अपडेट'ने फक्त दुकानातली नवी यादी घरी येते. सामान येतं ते 'ॲप्ट अपग्रेड' म्हटल्यावर. लिनक्समधली सगळ्यात फसवी नावं म्हणून लोक पोटॅटो आणि तत्सम मंडळींकडे बोट दाखवतात. माझ्या मते तो मान या 'अपडेट'लाच द्यायला हवा. बटाट्याने कधी कुणाला फसवलं नाही.

पायरी २, पण थोडी पुढे : नाव आणि पद

पत्त्यात नावाऐवजी 'स्टेबल' असं लिहिता येतं. बरेच जण लिहितात, कारण शब्द भारदस्त वाटतो. पण ते नाव नाही, पद आहे. पत्रावर 'श्री. सरपंच' एवढंच लिहिलंत तर निवडणुकीनंतर ते पत्र नवा सरपंच उघडतो. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियनमध्ये अशीच खांदेपालट झाली. तोवर स्टेबल होता बुकवर्म, म्हणजे १२. त्या दिवशी ट्रिक्सी, म्हणजे १३, खुर्चीवर बसली. बुकवर्म 'ओल्डस्टेबल' झाला. त्याच्या आधीचा तो 'ओल्ड-ओल्डस्टेबल'. हा विनोद नाही, अशी अधिकृत संज्ञा आहे. माजी सरपंचांच्या आधीच्या माजी सरपंचांनाही गावात मान असतोच.

ज्यांच्या यादीत 'बुकवर्म' होतं त्यांच्याकडे त्या दिवशी काही घडलं नाही. ज्यांच्या यादीत 'स्टेबल' होतं त्यांचं मशीन नव्या सरपंचाच्या दारात जाऊन उभं राहिलं. ॲप्ट हल्ली एवढं सौजन्य दाखवतं की पदावरचा माणूस बदललेला दिसला तर विचारतं, चालेल ना? नवशिका 'हो' म्हणतो. मग चहा पिता पिता एक किरकोळ अपडेट करायला बसलेला माणूस अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलून उठतो.

म्हणून नवशिक्याने पद लिहू नये, नाव लिहावं. अनुभवी माणसानेही नावच लिहावं, पण तो ऐकणार नाही.

उमेदवाराच्या पदाला 'टेस्टिंग' म्हणतात. सध्या तिथे फोर्की आहे: काटा आणि चमचा यांच्या मिश्रणाला डोळे चिकटवून एका मुलीने केलेलं खेळणं. त्याच्या पुढच्याचं नावही ठरून गेलंय, ड्यूक. नातू व्हायच्या आधी पणतवाचं बारसं उरकणारी माणसं आहेत ही.

आणि मग सिड. सिनेमातला शेजारचा तो पोरगा, खेळण्यांची मुंडकी उडवणारा. डेबियनमध्ये 'अनस्टेबल' या जागी कायम सिडच असतो. निवडणुका होतात, बाकीची नावं येतात-जातात, सिड तिथेच. सगळी नवी पॅकेजं आधी त्याच्या हाती पडतात. त्याच्याकडून काही दिवस मोडली नाहीत तर उमेदवाराच्या घरी जातात. नामकरणाच्या या सगळ्या प्रकारात इतकं अचूक नाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

स्टेबल म्हणजे जुनं, अशी कुजबुज तुमच्या कानावर येईल. नवशिका भीतभीत बघतो आणि खरंच, त्याच्याकडच्या प्रोग्रॅमची आवृत्ती दोन वर्षांपूर्वीची असते. घाबरू नका. लोणचं मुरत घातल्यावर त्यात रोज नवी कैरी चिरून टाकत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती येते, पण ती त्या जुन्या आवृत्तीलाच ठिगळ लावून येते, आणि ठिगळावर घरचा शिक्का असतो: आवृत्तीच्या शेपटीला 'डेब१२यू१' असं काहीसं चिकटलेलं दिसेल. म्हणजे बाराव्याच्या कपड्याला पहिलं ठिगळ. आकडा जुना, शिवण ताजी. ज्याला हे कळत नाही तो मागचा आकडा बघून नवं काहीतरी बाहेरून आणायला जातो. मीही गेलो होतो.

आता तेच सांगतो. डेबियन १० चं नाव बस्टर, ११ चं बुल्सआय, १२ चं बुकवर्म. कुत्रा, घोडा, अळी. तिन्ही 'ब'वरून. जुळ्या भावांना राम-श्याम म्हणावं तसं. माझ्याकडे होतं बुल्सआय. प्रिंटर चालेना. कुणीतरी लिहून ठेवलेली एक ओळ मी यादीत चिकटवली, ती निघाली बुकवर्मची. 'ब' होता, पुढे काय होतं ते कोण वाचतो? ॲप्टने विचारलं की अमुक पॅकेजं नवी येतील आणि तमुक शंभरेक काढावी लागतील, करू का? त्या प्रश्नाच्या शेवटी 'वाय' मोठ्या लिपीत असतो. याचा अर्थ नुसतं एंटर दाबलंत तरी होकार धरला जातो. पंगतीत "आणखी एक पोळी?" यावर गप्प बसलं की पानात पोळी पडतेच, तसं. मी एंटर दाबलं. खालचा पाया, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांना लागणारी मूळ सी लायब्ररी, नव्या घरची आली. वरचे मजले जुन्या घरचे राहिले. न जुळणारे गेले. त्यात डेस्कटॉपही गेला. प्रिंटर मात्र चालू झाला. काळ्या पडद्यावरून छापायचं काय, एवढा प्रश्न उरला.

दोन कप्प्यांतलं सामान एकत्र करून उभ्या केलेल्या अशा मशीनला डेबियनवाल्यांत शब्द आहे, फ्रँकेनडेबियन. त्यांनी आपल्या सूचनांत तो छापलाय. म्हणजे मी पहिला नाही.

वर चढायचं तर एकेक इयत्ता. अकरावीतून थेट तेरावीत बसता येत नाही. बारावी करावीच लागते. मराठी माणसाला हे समजावत बसायला नको. बुल्सआयवरून ट्रिक्सीवर जायचं असेल तर आधी बुकवर्म, तिथली सगळी अपग्रेडं उरका, मशीन नीट सुरू होतंय ना बघा, मग यादीतलं नाव बदला, मग 'फुल-अपग्रेड'. मधली उडी डेबियनला मान्य नाही. आणि यादीतलं नाव बदलताना सगळ्या ओळींतलं बदला. एक ओळ राहिली की पुन्हा वरचा परिच्छेद.

पायरी ६.०६ : राशीचं अक्षर

ही पायरी ६.०४ असणार होती. उशीर झाला.

उबुंटू हे डेबियनच्याच वाड्यातून निघून वेगळं झालेलं बिऱ्हाड. मार्क शटलवर्थ यांनी ते २००४ च्या ऑक्टोबरात थाटलं. इथे शाळेतलं नाव म्हणजे जन्मतारीखच. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. त्यामुळे मुहूर्त टळला की नावही टळतं. २००६ च्या एप्रिलचं बाळ जूनमध्ये आलं म्हणून ६.०४ चं ६.०६ झालं.

घरातलं नाव मात्र अक्षर काढून ठेवतात, आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात तसं. एक विशेषण, एक प्राणी, दोघांचं पहिलं अक्षर एकच. पहिली तीन नावं, वॉर्टी वॉर्टहॉग, होरी हेजहॉग, ब्रीझी बॅजर, अक्षर न बघता ठेवली गेली. चौथ्या डॅपर ड्रेकपासून वर्णमाला सरळ लागली. २०१७ च्या एप्रिलला झेड संपला (झेस्टी झेपस) आणि ऑक्टोबरला पुन्हा ए (आर्टफुल आर्डव्हार्क). प्राणी पुरेनात तेव्हा युनिकॉर्न, वेअरवुल्फ, मिनोटॉर अशी न जन्मलेलीही बोलावली. २०१२ च्या एप्रिलला होता प्रिसाइस पँगोलिन. पँगोलिन म्हणजे आपल्या कोकणातलं खवले मांजर. एवढ्या लाजऱ्या प्राण्याचं नाव इतक्या सर्व्हरांवर पाहून मला बरं वाटलं होतं.

पण इथे मेख आहे. पत्त्यावर प्राणी चालत नाही. कपाटातल्या कप्प्यावर विशेषणच लिहिलेलं असतं: फोकल, जॅमी, नोबल. प्राणी फक्त वॉलपेपरवर. ज्याने यादीत 'जेलीफिश' लिहिलं त्याला काही मिळत नाही. ज्याने 'जॅमी' लिहिलं त्याला सगळं मिळतं. लेकराचं नाव प्रेमाने ठेवायचं आणि हजेरीला आडनाव वाचायचं, असा प्रकार.

दुसरी मेख आकड्यांची. ताई म्हणते, "अरे, २४.१० मोठं ना? मग तेच टाकू." गणिताने मोठं आहे. पण सम वर्षाच्या एप्रिलातलं बाळ हे घरचं थोरलं. त्याला एलटीएस म्हणतात आणि त्याची पाच वर्षं काळजी घेतली जाते. मधली तीन फक्त नऊ महिने. २४.०४, म्हणजे नोबल, २०२९ पर्यंत आहे. २४.१०, म्हणजे ओरॅक्युलर, जुलै २०२५ लाच गेली. धाकटी आधी गेली.

एलटीएसवाल्याला पुढचं एलटीएस निघाल्याबरोबर दिसत नाही. त्याची .१ अशी पहिली दुरुस्त आवृत्ती येते तेव्हा कुठे मशीन सांगतं की नवं आलंय. सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाहीत. इथे तीन-चार महिने काढत नाहीत, एवढाच फरक. शेजाऱ्याला दिसलं, मला का नाही, म्हणून हट्ट करू नका.

पायरी 'उमा' : सासर आणि माहेर

लिनक्स मिंट हे उबुंटूच्या सामानावर मांडलेलं तिसरं बिऱ्हाड. इथली नावं बायकांची आणि 'आ'वर संपणारी. २००६ ची पहिली ॲडा. पुढे हेलेना, ज्यूलिया, लिसा आणि २०१२ साली माया. २०२१ च्या जुलैत आली २०.२, आणि तिचं नाव होतं उमा. (हे वाचून माझ्या आत्येबहिणीने, उमाताईने, संगणकाची भीती कायमची सोडली. लिनक्सच्या प्रसाराला नामकरणाचा झालेला हा मला माहीत असलेला एकमेव उपयोग.)

आता गाठ इथे बसते. उमाच्या घरातली बरीचशी भांडी माहेरची आहेत. उबुंटू २०.०४, म्हणजे फोकल, हे तिचं माहेर. आणि आजोळ डेबियन. मिंटने स्वतःची काही पॅकेजं आपल्या कप्प्यात ठेवलीत, बाकी सगळं फोकलच्या कप्प्यातून येतं. घरात हे गुपित नाही. जन्मदाखल्यात दोन्ही नावं लिहिलेली असतात: एका ओळीत 'व्हर्जन कोडनेम' उमा, खालच्या ओळीत 'उबुंटू कोडनेम' फोकल. सासरचं आणि माहेरचं.

पंचाईत होते बाहेरच्या माणसामुळे. एखाद्या कंपनीने आपल्या प्रोग्रॅमसाठी वेगळं दुकान काढलेलं असतं. तिची सूचना म्हणते, ही ओळ टाका, मशीनचं नाव आपोआप घातलं जाईल. मशीन इमानदारीने 'उमा' सांगतं. दुकानदाराच्या वहीत फोकल आहे, जॅमी आहे, उमा कुठली? ४०४. नवशिक्याला वाटतं इंटरनेट गेलं. तो राउटर बंद करतो, चालू करतो, पुन्हा ४०४. राउटरचा काही दोष नाही. लग्न ठरवताना मुलीकडच्यांची चौकशी सासरच्या आडनावाने केल्यासारखं आहे हे. त्या ओळीत हाताने 'फोकल' लिहा, दुकान उघडेल.

मिंटची एक आवृत्ती थेट डेबियनच्या सामानावरही निघते. तिच्यातली सहावी, फे, हिचं माहेर बुकवर्म. म्हणजे उमाबाईंच्या या जावेला फोकल विचारून चालायचं नाही. चौकशी करताना नातं आधी लावून घ्या. आपल्याकडे पाहुणा आला की पहिली पाच मिनिटं तेच चालतं, तर मशीनसाठी एक मिनिट जड नाही.

आपल्याकडचंही एक आहे. सी-डॅकचं बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. आजोळ तेच, डेबियन. आवृत्त्यांची नावं दृष्टी, उन्नती, प्रज्ञा. सरकारी योजनांच्या यादीत मिसळून दिली तर निवडून दाखवा.

पायरी ४२.१ : आकड्यांचं काय करायचं

घाबरू नका, मधल्या पायऱ्या हरवलेल्या नाहीत. ओपनसुसे नावाच्या आणखी एका लिनक्स बिऱ्हाडाची १३.२ ही आवृत्ती होती. तिच्यानंतर २०१५ साली आली ४२.१. डग्लस ॲडम्सच्या कादंबरीत विश्वाचं, जीवनाचं आणि सगळ्याचंच उत्तर ४२ आहे, आणि या मंडळींच्या पूर्वजांनी १९९६ मध्येही पहिली स्वतंत्र आवृत्ती ४.२ म्हणूनच काढली होती. जुनी खोड. ४२.२ आली, ४२.३ आली.

पायरी १५ : पुढे

मग २०१८ मध्ये आली १५.०. मागे नाही, पुढे. याच घरच्या व्यापारी आवृत्तीचा आकडा १५ होता आणि दोघींची पावलं जुळवायची होती. बेचाळीसवरून पंधरावर 'चढताना' नवशिक्याने तर्क घरी ठेवावा. इथली 'झिपर डप' ही कमांड आकडा मोठा की लहान याचा हिशेब करत बसत नाही. पत्त्यातल्या नव्या घरी जे आहे ते आणून लावते, मग एखादं पॅकेज खाली उतरलं तरी तिला चालतं. म्हणजे शेवटी इथेही पत्ताच.

स्लॅकवेअर १९९९ मध्ये ४ वरून थेट ७ वर गेलं, कारण बाकीचे सहाच्या घरात पोचले होते आणि लोक विचारत होते की तुमचं मागे का. शेजारच्या मुलाला ब्याण्णव टक्के पडले म्हणून आपल्याच्या गुणपत्रिकेवर पेन चालवावं, असं थेट.

फेडोराने तर बारशाचा हॉलच बंद केला. त्यांच्याकडे नियम होता की नव्या नावाचं आधीच्या नावाशी काहीतरी नातं लागलं पाहिजे, आणि ते कसं हे सगळ्यांना पटवता आलं पाहिजे. नात्याचा धागा ओढत ओढत १७ वं झालं बीफी मिरॅकल, १८ वं स्फेरिकल काऊ, म्हणजे गोलाकार गाय, आणि २०१३ मध्ये १९ वं झालं 'श्रॉडिंजर्स कॅट'. ही मांजर चावली. रोमन लिपीत तिच्या नावात 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं होती आणि 'एस'च्या आधी एक सुटं अवतरणचिन्ह. स्क्रिप्टच्या दृष्टीने अवतरणचिन्ह म्हणजे कुणीतरी बोलायला सुरुवात केली. ते बंद होईपर्यंत स्क्रिप्ट शांतपणे ऐकत बसते, आणि इथे बंद करणारं चिन्ह नव्हतंच. नाव वाचणारी काही अवजारं त्यात अडकली. २० वं, हायझेनबग, हे शेवटचं बारसं. एकविसाव्यापासून नुसता आकडा. पत्ताही आकड्यानेच. शहाणी माणसं, पण त्यांच्याकडे जेवायला बोलावलं तर मी जरा विचार करीन.

पायरी (आकडा नाही)

आर्च लिनक्सला नाव नाही, इयत्ता नाही. दर महिन्याला इन्स्टॉलची एक नवी प्रत निघते, तिच्यावर तारीख असते, बस. एकदा टाकलं की 'पॅकमन'ने सगळं सतत ताजं ठेवत राहायचं. थोडंच ताजं करीन, बाकी राहू दे, हे तिथे अमान्य. संन्याशाला जसं पूर्वाश्रमीचं नाव विचारू नये तसं आर्चवाल्याला आवृत्ती विचारू नये. तो आर्च वापरतो हे तो आपणहून सांगेलच.

नवशिक्याने इथे थांबून पुढच्या भागाकडे वळावं.

अडचण आल्यास

मदत मागायच्या आधी मशीनला त्याचं नाव विचारा. कमांड आहे 'कॅट', आणि तिच्यापुढे ओएस-रिलीज फाइलीचा पत्ता. (कॅटचा इथे मांजरीशी संबंध नाही. श्रॉडिंजरच्या तर मुळीच नाही.) 'कोडनेम' लिहिलेली ओळ शोधा. तिथलं नाव आणि यादीतलं नाव एकच आहे का बघा. मिंट असेल तर माहेरचंही बघा. मग त्या नावाची मुदत संपली नाही ना ते बघा, कारण उबुंटूत मुदत संपलेल्या नावाचा कप्पा काही काळाने कपाटातून काढून जुन्या सामानाच्या खोलीत ठेवतात. मशीन बिचारं जुन्या जागी जाऊन उभं राहतं आणि 'रिलीज फाइल' सापडत नाही म्हणून तक्रार करतं.

परवा भाच्याचा फोन आला. ताईचा लॅपटॉप त्यानेच हट्टाने लिनक्सवर आणलाय.

"मामा, ४०४ येतंय."

"नाव काय?"

"माझं?"

"तुझं बारसं मी जेवलोय. मशीनचं नाव काय?"

खडखड टाइप केल्याचा आवाज. "ओरॅक्युलर."

"म्हणजे शेवटी २४.१०च टाकलंत. अरे, ती गेली."

"गेली म्हणजे?"

"जुलैत गेली. नऊच महिने होते तिला. मी तेव्हाच सांगितलं होतं, थोरलीला घरात आणा म्हणून."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि फोन ताईने घेतला.

"कोण गेली रे जुलैत? आणि मला कुणी कळवलं का नाही?"